पार्श्वभूमी : थंड पाण्याची आंघोळ, विहिरीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत

डिसेंबर लागला की नागपुरात दोन पंथ पडतात. एक गिझरवाल्यांचा, दुसरा 'आम्ही बारमाही थंड पाण्यानेच' म्हणणाऱ्यांचा. दुसऱ्यांचा हुकमी पुरावा म्हणजे आजोबा : ऐंशीपर्यंत पहाटे विहिरीवर आंघोळ करायचे, कधी शिंक आली नाही. माझेही आजोबा त्यातलेच. पण या पुराव्यात एक गोम आहे, आणि ती पाण्यातच आहे.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात विहीर होती. पौषातल्या पहाटे पोहरा वर आला की पाण्यातून वाफा निघायच्या. जमिनीखाली काही मीटरवर हिवाळा पोचतच नाही. तिथलं पाणी गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाला धरून असतं, आणि नागपुरासारख्या तापट गावात ते 25 अंशांच्या वर भरतं. बाहेर दहा अंश असले की तेच पाणी कोमट लागणार. आजोबांची थंड पाण्याची आंघोळ ती ही!

आता पाणी येतं गच्चीवरच्या काळ्या टाकीतून. मे महिन्यात हात पोळवणारी हीच टाकी डिसेंबरात रात्रभर हवेबरोबर निवत जाते. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. त्या सकाळचा टाकीतला तांब्या आणि आजोबांचा तांब्या, दोन्हींना एकच नाव द्यायचं म्हणजे कमालच.

परंपरेनेही सरसकट गारठ्यात ढकललेलं नाही. नरकचतुर्दशीची पहिली आंघोळ तेल-उटणं लावून गरम पाण्याची. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात हेमंत ऋतूसाठी अंगाला तेल आणि वापरायला सुखद कोमट पाणी सांगितलं. मानेखाली गरम पाणी बळ देतं, डोक्यावर मात्र ते केसांना आणि डोळ्यांना वाईट, हेही त्याचंच. कार्तिकस्नान सुरू होतं कोजागरीच्या सुमारास, तेव्हा नागपुरात थंडी नावालाच असते. मग महिनाभर रोज थोडं थोडं गार. म्हणजे शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. कडाक्यातलं खरं स्नान माघातलं, आणि ते व्रत म्हणूनच ओळखलं जातं, औषध म्हणून नाही.

'थंड पाणी हे औषध' हा विचार बराचसा युरोपातून आला. लिव्हरपूलचे डॉक्टर जेम्स करी यांनी 1797 मध्ये तापाच्या रोग्यांवर थंड पाणी ओतण्याचे अनुभव, थर्मामीटरने मोजून, प्रसिद्ध केले. पुढे बव्हेरियातले धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप आणि लाइपझिगचे लुई कुन्हे यांच्या जलचिकित्सेचा बोलबाला झाला. कुन्हे यांचा कटिस्नानाचा प्रयोग गांधीजींनी स्वतःवर आणि मुलांवर केला. 1936 मध्ये ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि निसर्गोपचार आपल्या विदर्भाच्या उंबऱ्याशी आला. पण कटिस्नानात टबात बसून पाणी बेंबीपर्यंतच. पाय आणि छाती कोरडी.

छाती कोरडी हा मुद्दा महत्त्वाचा. अंगावर एकदम गार पाणी पडलं की श्वास खाडकन आत ओढला जातो, मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतो. हा धक्का साधारण 25 अंशांखाली जाणवू लागतो, 10 ते 15 अंशांच्या पाण्यात कळसाला जातो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. विहिरीचं पाणी नेमकं या रेषेच्या वर होतं. पाच-सहा वेळा थोडा थोडा अनुभव घेतला की धक्का जवळपास निम्म्यावर येतो, असं प्रयोगांत दिसलंय. आजोबा पहिला तांब्या पायांवर घ्यायचे, डोक्यावर सगळ्यात शेवटी. आणि तोंडाने मोठ्याने 'गंगे च यमुने चैव' चालू असायचं. मोठ्याने म्हणताना श्वास बाहेर सोडावाच लागतो. तेवढ्यासाठीच म्हणायचे असं नाही, पण सोय झाली खरी.

फायदे? 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात 3,018 जणांपैकी काहींनी महिनाभर गरम शॉवरच्या शेवटी 30 ते 90 सेकंद थंड पाणी घेतलं. त्यांच्या आजारपणाच्या रजा 29 टक्क्यांनी घटल्या. आजारी असण्याचे दिवस मात्र घटले नाहीत! बरं वाटत नसतानाही माणसं कामावर गेली, एवढाच त्याचा अर्थ. तरतरी येते हे खरं, ती नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या शरीराला सावध करणाऱ्या संप्रेरकाची.

हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, थंडीत बोटं पांढरी पडण्याचा त्रास असलेल्यांनी पहाटेचा हा पराक्रम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. हार्ट अटॅकचं प्रमाण मुळात हिवाळ्यात आणि सकाळच्या वेळी जास्त असतं.

गरम पाण्याचा पंथही निर्धोक नाही. बाथरूममध्ये गॅस गिझर, खिडकी घट्ट लावलेली, कारण गार वारा येतो. अशा वेळी साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गिझर शक्यतो बाहेर बसवावा, आणि आत असेल तर खिडकी उघडी हवी. म्हणजे कुडकुडणं आलंच.