मॉरिशसला गेलेला मराठी पूर्वज आणि त्याचा क्रमांक

मार्च २०२४ मध्ये भारताने जाहीर केले की मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओळखपत्र, मिळू शकेल. तोवर सर्वसाधारण नियम पणतवंडांपर्यंतच पोहोचत होता. त्या नियमाचा मोठा फटका मॉरिशसच्या मराठी कुटुंबांना बसत होता, आणि त्याचे कारण पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या भरतीत आहे. कलकत्त्याहून मजूर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत जात राहिले. मुंबई बंदरातली भरती मात्र मुख्यतः १८४० ते १८६० च्या दशकांतली. त्यामुळे बिहारी वंशाच्या एखाद्या घरात खापरपणजोबापर्यंत गेले की जहाज सापडते, तर मराठी घरात तिथून आणखी दोन पिढ्या मागे जावे लागते. आता दार उघडले आहे, पण आत शिरायला सात पिढ्यांचे कागद एकमेकांना जोडून दाखवावे लागतात. त्या साखळीची शेवटची कडी म्हणजे उतरलेल्या माणसाची नोंद. ती शोधायची कशी, हा प्रश्न म्हणूनच एकदम ऐरणीवर आला आहे.

बहुतेक जण आडनावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. मॉरिशसमधले आडनाव हे बहुधा आडनाव नसतेच. बोटीतून उतरणारा माणूस एकाच नावाने नोंदला जाई आणि बापाचे नाव शेजारच्या रकान्यात जाई. समजा, सखाराम नावाचा माणूस उतरला, तर त्याच्या मुलाच्या जन्मनोंदीत ‘सखाराम’ हे नाव आडनावाच्या जागी बसले आणि पुढच्या सगळ्या पिढ्या सखाराम झाल्या. गावाकडे ते घर शिंदे असो, कदम असो की राणे, ते आडनाव मॉरिशसमध्ये उतरलेच नाही. शेवटी ‘जी’ असलेली कितीतरी मॉरिशियन आडनावे अशीच एखाद्या खापरपणजोबाची पहिली नावे आहेत. त्यातही लिहिणारा लिपिक फ्रेंच वळणाचा, ऐकणार तसे लिहिणार. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ढ’ आणि ‘ड’, ‘ठ’ आणि ‘ट’ त्याच्या कानाला सारखेच. एकाच माणसाचे नाव उतरताना एक, लग्नाच्या वेळी दुसरे आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरे दिसते.

न बदलणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे क्रमांक. उतरलेल्या प्रत्येकाला एक आप्रवासी क्रमांक मिळे आणि तो मरेपर्यंत त्याच्याबरोबर राही. त्या क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, उतरल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवले, हे नोंदलेले असे. पुढे मुलांच्या जन्मनोंदीत आणि लग्नाच्या नोंदीत आईबापांचे क्रमांकही येत गेले. म्हणून शोध खालून वर न्यायचा तो या क्रमांकाच्या आधाराने. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचा एखादा जुना दाखला आहे, त्यांनी आधी त्यावर आकडा आहे का ते बघावे, नाव नंतर.

या आकड्याचा उगम मात्र दयामायेचा नव्हता. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट फ्रेंचांकडून घेतले, १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले, तिथून हे पर्व सुरू झाले. भरतीतल्या फसवणुकीचा गवगवा झाल्यावर ते काही वर्षे बंद होते. १८४२ मध्ये कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून ते पुन्हा खुले झाले. महिना ५ रुपये पगार आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापत, त्याला ‘डबल कट’ म्हणत. परतीच्या मोफत प्रवासाचा हक्क १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला काढून घेतला गेला आणि अनेकांचे परतणे तिथेच संपले. पोर्ट लुईच्या किनाऱ्यावर १८४९ मध्ये आप्रवासी डेपो उभा राहिला. त्याचा उरलेला भाग म्हणजे आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ. एकूण सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर आली, त्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा मायदेशी परतला. मुंबईचा वाटा त्यात लहान होता.

आता १८६७ च्या कायद्याकडे यायला हवे, कारण वंशजांच्या हाती आज जे सर्वात मोलाचे कागद लागतात ते बव्हंशी या कायद्याने जन्माला घातले.

पाच वर्षांचा करारी निवास पूर्ण केलेल्या माणसाला कायद्याच्या भाषेत ‘जुना आप्रवासी’ म्हणत. ऐकायला हा दर्जा वाटतो. प्रत्यक्षात मुक्त झालेल्या माणसाला मुक्त म्हणायचे नाही, यासाठी केलेली ती सोय होती. करार संपलेला माणूस कागदावर स्वतंत्र असे. तो भाजीपाला लावू शके, गाय पाळून दूध विकू शके, फेरी घालू शके किंवा दुसऱ्या मळ्यावर चार पैसे जास्त मागू शके. मळेवाल्यांना नेमके हेच नको होते. करार पुन्हा पुन्हा नवा करणारा मजूर त्यांना स्वस्तात पडत असे.

१८६७ च्या कायद्याने प्रत्येक जुन्या आप्रवाशाला छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगणे सक्तीचे केले. त्याशिवाय पोलिसांचा पास, त्या पासावर राहण्याचा जिल्हा, आणि जिल्ह्याबाहेर जायचे तर परवानगी. तिकीट हरवले तर नवे काढायला १ पौंड. नव्या मजुराचा तो दोन महिन्यांचा पगार. तिकीट घरी राहिले म्हणून रस्त्यात धरलेला माणूस कायद्याने भटक्या ठरे. अशा भटक्यांसाठी १८६४ मध्येच ग्रांद रिव्हिएर नॉर्द वेस्ट इथे खास डेपो बांधलेला होता. रस्त्यांवर, शेतांवर, घरांत शिरून धरपकड चाले. तिकीटावरच्या छायाचित्राचे काम ठेक्याने दिलेले होते, आणि त्या ठेक्यावरही तेव्हाच बोटे उठली.

कायद्याचे समर्थन करणारे म्हणत की १८६६ ते १८६८ च्या मलेरियाच्या साथीत बेटावर बेकारी आणि चोऱ्यामाऱ्या वाढल्या होत्या आणि सुव्यवस्थेसाठी ओळखपत्र लागणारच होते. साथ भयंकर होती, हजारोंनी माणसे मेली, यात शंका नाही. पण साथीने पोळलेल्या माणसांवर साथीचेच कारण सांगून पहारा बसवणे हा युक्तिवाद मला मान्य करता येत नाही. तेव्हाही तो सर्वांना मान्य नव्हता. १८७१ मध्ये एका युरोपीय मळेवाल्याच्या पुढाकाराने जुन्या आप्रवाशांचा अर्ज गव्हर्नरपुढे गेला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या होत्या. पुढच्याच वर्षी लंडनहून दोन सदस्यांचा शाही आयोग आला. १८७५ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने पास-पद्धतीतला जाच मान्य केला आणि १८७८ मध्ये मजुरांचा कायदा बदलला. हे ९,४०१ लोक कोण, त्यांत मराठी किती, हे शोधण्याचे काम अजून कुणी मनापासून हाती घ्यायला हवे.

शोध घेणाऱ्यांच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सुरुवातीची मराठी माणसे आली तेव्हा, म्हणजे १८४० च्या दशकात, उतरताना छायाचित्र काढण्याची पद्धत नव्हती. ती १८६० च्या दशकापासूनची. त्यामुळे एखाद्या मराठी पूर्वजाचे छायाचित्र सापडले, तर ते बहुधा बोटीतून उतरलेल्या विशीतल्या पोराचे नसते. वीस-पंचवीस वर्षे ऊस तोडून झाल्यावर, तिकिटासाठी बसवलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचे असते. हे लक्षात न घेता वय जुळत नाही म्हणून योग्य माणूस बाजूला टाकला जातो. तारीख छायाचित्राची आहे की उतरण्याची, हे आधी पाहावे.

दुसरी अडचण जिल्ह्याच्या रकान्याची. नोंदीत ‘रत्नागिरी’ लिहिले असेल, तर आजच्या नकाशात ते सिंधुदुर्ग असू शकते, कारण तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. ‘ठाणे’ लिहिले असेल तर ते गाव आज रायगडात असू शकते, कारण कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, हा जिल्हाच मुळी १८६९ चा. सावंतवाडी तेव्हा संस्थान होते. साताऱ्याहून १८४५ मध्ये निघालेला माणूस छत्रपतींच्या राज्यातून निघाला होता, १८५० मध्ये निघालेला कंपनीच्या मुलखातून. सातारा खालसा झाले १८४८ मध्ये. गावाचे नाव फ्रेंच वळणाने लिहिलेले, त्यात त्या नावाची गावे कोकणात तीन-तीन. अशा वेळी शेजारचे क्रमांक वाचावेत. भरती बऱ्याचदा गावाला परतलेला सरदार, म्हणजे मजुरांचा मुकादम, आपल्याच वाडीतली माणसे घेऊन करत असे. एकाच जहाजातल्या मागच्या-पुढच्या क्रमांकांवर त्याच परगण्यातली चार-पाच नावे निघाली, की गाव कुठले याचा अंदाज पक्का होतो. एकट्या माणसाची नोंद मुकी असते, टोळीची बोलते.

बायकांची नोंद शोधणे सर्वात अवघड. धार्मिक विधीने झालेले लग्न सरकारी नोंदणीशिवाय कायद्याला दिसत नव्हते. त्यामुळे मूल कित्येकदा फक्त आईच्या नावावर नोंदले गेले, आणि बापाकडून जाणारी साखळी तिथे तुटते. पण आईचाही क्रमांक असतो. तिच्या बाजूने वर गेले की अनेकदा जहाज सापडते, आणि ही वाट लोक विनाकारण सोडून देतात.

इकडच्या बाजूला, महाराष्ट्रात, काय आहे? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा इथे १८८६ चा, म्हणजे जाणारे तोवर गेलेले होते. १८४५ च्या गावात जन्मदाखला शोधणे निरर्थक. जे आहे ते मोडीत आहे. खोतांकडचे दप्तर, महसुलाची पाहणी, देवस्थानांची मानपानाची कागदपत्रे. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांची नावे पिढ्यान् पिढ्या लिहिलेली आहेत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हेळवी वंशावळी सांगत आले. या वह्यांत गेलेला माणूस नसेलही, पण त्याचा भाऊ असतो, आणि भावाच्या बापाचे नाव मॉरिशसच्या रकान्यातल्या बापाच्या नावाशी जुळले की घराणे सापडते. ग्रामदैवत आणि कुळाचार यांच्या आठवणी मॉरिशसमधल्या घरांत टिकल्या आहेत, त्याही लिहून घ्याव्यात. देवाच्या नावावरून गावांची यादी निम्म्यावर येते.

मूळ नोंदवह्या आज मोका इथल्या एका संस्थेत आहेत. त्या कुणालाही चाळायला मिळत नाहीत. जन्म-विवाहाच्या दाखल्यांची साखळी सादर केली की वंशजाला त्याच्या पूर्वजाचा उतारा मिळतो. बंधनामागचे मोठे कारण जातीचा रकाना. मॉरिशसमध्ये मुंबईहून आलेले हिंदू कालांतराने एकच मराठी समाज झाले, गावाकडच्या जाती बऱ्याच अंशी मागे पडल्या. नोंदवहीत मात्र ‘मराठा’ हा शब्द कधी जात म्हणून, कधी नुसता मुलूख म्हणून लिहिलेला दिसतो, आणि कोणी कोणत्या अर्थाने लिहिले हे आज सांगता येत नाही. जुन्या लिपिकाच्या अशा एका शब्दावरून आजच्या घरांवर शिक्का बसू नये ही काळजी रास्त आहे. पण त्यासाठी गाव, परगणा, जहाज आणि सहप्रवाशांची नावेही बंद राहावीत, हे पटत नाही. जातीचा रकाना झाकून बाकीचे खुले करता येईल. तसे झाले, तर सहप्रवाशांच्या नावांवरून गाव ओळखण्याचे काम वंशजांना स्वतः करता येईल. आज त्यांना एका माणसाचा उतारा मिळतो आणि त्याच्या आजूबाजूची माणसे बंद दाराआड राहतात. सातव्या पिढीच्या अर्जातल्या शेवटच्या कडीसाठी तो एक उतारा पुरेसा आहे. गाव शोधायला तो पुरत नाही.