कुत्री गुरगुरतात तेव्हा : मस्ती कोणती, भांडण कोणतं

जुळे सोलापुरातल्या आमच्या श्वान पाळणाघरात येणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांसाठी

दिवसभर आमच्याकडे राहणाऱ्या कुत्र्यांचे व्हिडिओ आम्ही संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पाठवतो. त्यावर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच : "अहो, ही दोघं भांडतायत का?" व्हिडिओत दात दिसतात, एकाचं मानगूट दुसऱ्याच्या तोंडात असतं, घशातून गुरगुर चालू असते. काळजी वाटणं साहजिक आहे. पण याच्या उलटही घडतं. घरी पाहुणे आलेले असतात, कुत्रा आवाज न करता ताठ उभा असतो, नजर हलत नाही, आणि आपण पाहुण्यांना म्हणतो, "लावा हो हात, आमचा काही करत नाही." आम्हाला धास्ती वाटते ती या दुसऱ्या प्रसंगाची. म्हणून हे पत्रक. घरातल्या सगळ्यांनी ते वाचावं आणि लहान मुलांना वाचून दाखवावं, अशी विनंती आहे.

आधी अंग बघा, मग आवाज ऐका

खेळणाऱ्या कुत्र्याचं अंग सैल असतं. एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं. पाठ लवचीक, चालण्यात उड्या, तोंड अर्धवट उघडं, शेपटी हलते ती कमरेसकट.

आमच्याकडे एक कारवानी (उंच शिकारी जातीचा) नर आणि एक गावठी मादी अशी जोडी जमली आहे. तो तिच्याहून कितीतरी उंच. ती पुढचे दोन्ही पाय जमिनीला टेकवते, मागचा भाग वर ठेवते, क्षणभर थांबते आणि उसळी मारून पळते. तो मागे. भिंतीच्या कोपऱ्यावर तो तिला गाठतो, मानेला धरतो, गुरगुरतो. ती लोळण घेऊन खालूनच त्याच्या गालाला तोंड घालते. मग दोघं सुटतात, अंग झटकतात, एखादी शिंक येते, आणि आता तो पुढे अन् ती मागे. दात लागतात, पण रुतत नाहीत. एकजण केकाटला की दुसरा तिथल्या तिथे सोडतो. तो मनात आणील तर तिला एका झटक्यात दाबून ठेवू शकेल. तो तसं करत नाही, मुद्दाम खाली पडून घेतो, तिला वर येऊ देतो. जोर राखून खेळणं आणि आळीपाळीने पाठलाग करणं या दोन गोष्टी दिसल्या की आम्ही निर्धास्त असतो, आवाज कितीही मोठा असो.

पुढचे पाय टेकवून वाकण्याच्या त्या पवित्र्यावर अमेरिकन शास्त्रज्ञ मार्क बेकॉफ यांनी बारकाईने काम केलं आहे. 1995 साली त्यांनी दाखवून दिलं की कुत्री आणि त्यांचे जंगली भाऊबंद हा पवित्रा वाटेल तेव्हा, वाटेल तिथे घेत नाहीत. ज्या कृतीचा गैरसमज होऊ शकतो, उदाहरणार्थ तोंडात धरून जोरात डोकं झटकणं, तिच्या आगेमागे तो हमखास दिसतो. 'आत्ता जोरात चावतोय, पण ही मस्ती आहे' असं समोरच्याला बजावून सांगायची ती पद्धत. तुमच्या कुत्र्याची झटापट बघताना हे वाकणं मध्येमध्ये येतंय का, ते शोधा.

चिडलेल्या कुत्र्याचं अंग याच्या नेमकं उलट. हालचाल कमी होते. वजन पुढच्या पायांवर येतं, तोंड घट्ट मिटतं किंवा ओठ वर जाऊन पुढचे दात उघडे पडतात, डोळे समोरच्यावर रोखलेले राहतात, शेपटी उंच आणि ताठ होऊन फक्त टोकाशी थरथरते. घाबरलेला कुत्रा कान मागे पाडतो, शेपटी पायांत घालतो, सारखे ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. तोही चावू शकतो, किंबहुना कोपऱ्यात सापडला तर आधी तोच चावतो. 'शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे' हा समज कृपया सोडून द्या. पाठीवरचे केस उभे राहणं मात्र नुसत्या उत्तेजनेनेही होतं. तेवढ्यावरून भांडण ठरवू नका.

आवाजातही फरक असतो

हंगेरीत बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांचं तीन प्रसंगांतलं गुरगुरणं ध्वनिमुद्रित केलं : मालकाबरोबर खेचाखेची करताना, हाड राखताना, आणि अनोळखी माणूस अंगावर चालून येताना. मग एका हाडाजवळ स्पीकर लपवून हे आवाज दुसऱ्या कुत्र्यांना ऐकवले. हाड राखणाऱ्याचा आवाज आला की ती मागे सरली. अनोळखी माणसावर गुरगुरण्याचा आवाज आला तेव्हा त्या मानाने फार कमी. 2010 सालचा हा अभ्यास आहे. म्हणजे गुरगुर कशाबद्दल आहे हे कुत्र्यांना कळतं. आपल्यालाही थोडंफार कळतं : खेळातली गुरगुर तुटक आणि भराभर येते, इशाऱ्याची लांब आणि एका पट्टीत खालच्या आवाजात चालते. त्याच गटाने 2017 साली माणसांना हे आवाज ऐकवले, तेव्हा खेळाची गुरगुर लोकांनी चांगली ओळखली, उरलेल्या दोहोंत मात्र गल्लत केली. म्हणूनच आमचं म्हणणं आहे की कानावर विसंबू नका, डोळे उघडे ठेवा.

गुरगुरला म्हणून मारू नका

या पत्रकातलं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर.

गुरगुरणं हा कुत्र्याचा इशारा आहे. 'मला हे नको आहे, लांब व्हा' एवढं तो सांगत असतो. आपल्याकडे त्यावर लगेच थोबाडीत बसते, वर्तमानपत्राची सुरळी बसते, किंवा "मालकावर गुरगुरतो? माज आलाय याला!" म्हणून साखळी आखडली जाते. दोनचार वेळा असं झालं की कुत्रा गुरगुरणं बंद करतो. घरच्यांना वाटतं, सुधारला. त्याची भीती किंवा त्रास मात्र जिथल्या तिथे असतो, गेला तो फक्त इशारा. मग एक दिवस नातू गळ्यात हात टाकतो आणि कुत्रा थेट चावतो. "काहीच कारण नव्हतं हो, अचानक चावला," असं सांगत लोक येतात, आणि आम्ही शांतपणे विचारलं की बहुतेक वेळा कळतं : पूर्वी गुरगुरायचा, आम्ही ती सवय मोडली.

तुमचा कुत्रा गुरगुरला तर तुम्ही जे करत होतात ते थांबवा आणि एक पाऊल मागे या. मूल जवळ असेल तर न ओरडता मुलाला बाजूला घ्या. त्याने काही तो तुमच्या डोक्यावर बसत नाही. वातावरण निवळल्यावर कारण शोधा. गुरगुर कशाची होती : जेवण, झोप, अनोळखी हात, की दुखणं? वयस्क कुत्रा एकाएकी गुरगुरू लागला तर आधी जनावरांचे डॉक्टर गाठा. कान सुजलेला असतो, दात दुखत असतो, कंबर धरलेली असते. आपल्या भागात गोचीडतापही बराच आढळतो, आणि अंगात ताप असलेला कुत्रा उठवलं की गुरगुरतो.

खाण्यावरून गुरगुरणं सर्वांत नेहमीचं. कडक भाकरीचा तुकडा घेऊन कुत्रा खाटेखाली जातो, आणि पोरं तो काढायला हात घालतात. हात घालू नका. अंड्याचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा थोडा लांब टाका. तो बाहेर येईल, मग भाकरी उचला. असं पाचदहा वेळा झालं की माणूस जवळ आला म्हणजे काही चांगलं मिळतं, हे त्याच्या मनात बसतं. आमिष म्हणून शेंगाचटणी लावलेली भाकरी मात्र देऊ नका. तिच्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याला बाधतो.

जुन्या टॉवेलची खेचाखेची सोलापुरात घरोघरी चालते. खुशाल खेळा, गुरगुरू द्या. फक्त 'सोड' म्हटल्यावर सोडायला शिकवा, आणि दात तुमच्या हाताला लागला की खेळ तिथेच थांबवून उठून जा. थप्पड नको. खेळ संपला हीच त्याला मोठी शिक्षा वाटते.

आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडलेल्या पिल्लांबाबत जादा धीर धरा. दात किती जोरात लावायचे, हे पिल्लू भावंडांशी झटापट करताना शिकतं. ते शिकणंच राहून गेलं की ते आडदांडपणे चावतं. त्यात वाईट स्वभाव नसतो. अशा पिल्लाला आम्ही लसीकरण पूर्ण झाल्यावर एखाद्या समंजस मोठ्या कुत्र्याबरोबर सोडतो. पिल्लू जास्तच अंगावर आलं की ते मोठं कुत्रं एकदा गुरगुरतं आणि पिल्लू मागे सरतं. ही गुरगुर आम्ही थांबवत नाही.

खेळ हाताबाहेर जातो तेव्हा

मस्तीचं भांडण बहुधा थकव्याने आणि गर्दीने होतं. दोघे छान खेळत असतात, तिसरा घुसतो. पळापळीचा वेग वाढतो, मधले थांबे कमी होतात, आवाज चढतो. खालच्याला उठायचं असतं, वरचा उठू देत नाही. शंका आली की सोपी परीक्षा घ्या : जो वरचढ आहे त्याला गळपट्ट्याला धरून क्षणभर बाजूला घ्या. दुसरा पुन्हा त्याच्याकडे धावत आला तर खेळ होता. तो खुर्चीखाली गेला किंवा तुमच्या पायामागे लपला तर त्याला सुटका हवी होती, त्याला विश्रांती द्या.

कारवानी, पश्मी, मुधोळ पाळणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. ही नजरेने शिकार हेरणारी, पळत्या गोष्टीमागे जाणारी कुत्री. आपापसात ती अतिशय सुंदर खेळतात. पण पॉमेरेनियन किंवा शिह त्झू किंचाळत पळालं की त्यांच्यातला खेळ क्षणात शिकारीकडे झुकू शकतो, आणि अशा वेळी ती गुरगुरतही नाहीत. त्यामुळे लहान अंगाच्या कुत्र्यांबरोबर आम्ही त्यांना मोकळं सोडत नाही. आग्रह करू नये.

गल्लीतल्या कुत्र्यांशी गाठ पडते तेव्हा आपण घाबरून साखळी आवळतो. साखळी ताणली की कुत्र्याची मान वर आणि छाती पुढे येते, समोरच्याला ते आव्हान वाटतं आणि दोन्हीकडून गुरगुर सुरू होते. साखळी सैल ठेवून वळसा घ्या, दोघांना तोंडावर तोंड येऊ देऊ नका. दिवाळीत आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री कुत्री आधीच धास्तावलेली असतात. त्या दिवसांत नव्या कुत्र्याशी ओळख करून देऊ नका.

सोलापूरचं ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, आणि कुत्रा खेळात गुंगला की ऊन विसरतो. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. पगसारख्या चपट्या नाकाच्यांना तेही नीट जमत नाही. उन्हाळ्यात आम्ही सकाळी आठच्या आत आणि दिवस मावळल्यावरच खेळवतो. तुम्हीही तेच करा. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल अडखळती दिसली तर लगेच सावलीत घ्या, पोटाला आणि पायांना साधं पाणी लावा, पंखा लावा आणि डॉक्टरांकडे निघा.

खरंच जुंपली तर

मध्ये हात घालू नका, गळपट्टा पकडायला तर नाहीच. सगळ्यात जास्त चावे तिथेच बसतात. बादलीभर पाणी टाका, पत्र्यावर काठी आपटा, दोघांमध्ये खुर्ची किंवा फळी सरकवा. सोलापुरी चादर हाताशी असेल तर डोक्यावर टाका. दिसेनासं झालं की पकड बऱ्याचदा ढिली पडते. दोन माणसं असतील तर प्रत्येकाने एकेका कुत्र्याचे मागचे पाय धरून मागे खेचावं, पण पकड सुटलेली असेल तेव्हाच, नाहीतर कातडी फाटते. नंतर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि केस बाजूला सारून अंग तपासा. सुळ्याचं भोक वरून बारीक दिसतं, आतली इजा मोठी असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

माणसाला दात लागला किंवा नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा आणि सांगितलेल्या तारखांना रेबीजच्या लसीचे सगळे डोस पूर्ण करा. कुत्रा घरचा आहे, त्याचं लसीकरण झालंय, म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि वेळेत उपचार घेतले तर तो टाळता येतो.

आमच्याकडे येताना

आम्ही गट वयावर पाडत नाही, अंगाचा आकार आणि खेळण्याची पद्धत बघून पाडतो. गटात खेळणी आणि हाडं ठेवत नाही, जेवण ज्याचं त्याला वेगळ्या खोलीत देतो, आणि खेळ तापू लागला की नावाने बोलावून दोन मिनिटं बसवतो. माजावर आलेली मादी आणि रेबीजची लस न झालेली मोठी कुत्री आम्ही घेत नाही. पहिला दिवस चाचणीचा असतो : आधी जाळीतून ओळख, मग एकाच कुत्र्याबरोबर मोकळं. काही कुत्र्यांना इतरांशी खेळायला आवडतच नाही. त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांना आम्ही एकेकटं फिरवतो.

येताना लसीचं कार्ड आणि त्याच्या अंगाखालची एखादी जुनी चादर आणा. रात्री जेवला नाही, लंगडतोय, घरी कोणावर गुरगुरला, असं काही असेल तर दारातच सांगा. ते ऐकून आम्ही तुमच्या कुत्र्याला परत पाठवत नाही. त्या दिवशी त्याला कोणाबरोबर सोडायचं, ते त्यावरून ठरवतो.