निकालाआधीची दाद: फौजदारी रिव्हिजनची वाट आणि तिची मुदत

फौजदारी खटल्यात निकाल लागेपर्यंत न्यायालय कितीतरी आदेश देत असते. आरोपीवर समन्स काढायचे का, त्याला खटला न चालवताच दोषमुक्त करायचे की दोषारोप ठेवायचा, साक्षीदाराला पुन्हा बोलवायचे का, पुढची तारीख कोणती. यांतल्या बहुतेक आदेशांवर अपील होत नाही. कायद्याने दिले असेल तरच अपील, हा इथला जुना नियम. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ३७२ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे. त्यामुळे निकालाआधीच वर जायचे तर हाताशी राहते ती मुख्यतः पुनरीक्षणाची, म्हणजे वरच्या न्यायालयाकडून आदेश तपासून घेण्याची वाट, कोर्टात सगळे जिला रिव्हिजन म्हणतात ती.

ब्रिटिश अमदानीत पहिली संहिता १८६१ ची. त्यानंतर १८७२ आणि १८८२ च्या आल्या, आणि १८९८ ची तर पाऊणशे वर्षे टिकली. तिच्यात सत्र न्यायाधीश दंडाधिकाऱ्यांकडून कागद मागवू शकत. पण चूक दिसली, तरी बहुतेक बाबतींत आदेश स्वतः फिरवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अहवाल लिहून प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडावे लागे. दुसरीकडे, कोणत्या आदेशावर रिव्हिजन चालेल याला मात्र फारशी मर्यादा नव्हती. खटला रखडवायचा असलेल्या पक्षकाराला कुठलाही किरकोळ आदेश पुरे होई.

मुदतीचे म्हणाल, तर १९०८ च्या मुदत कायद्यात रिव्हिजनसाठी दिवसच ठरवलेले नव्हते. किती उशीर चालवून घ्यायचा हे न्यायालयाच्या रिवाजावर होते. १९६३ च्या कायद्याने ही पोकळी भरली. त्याच्या अनुच्छेद १३१ प्रमाणे दिवाणी असो वा फौजदारी, रिव्हिजनला आदेशाच्या तारखेपासून ९० दिवस. शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला ६० दिवस मिळतात (फाशी असेल तर ३०), म्हणजे रिव्हिजनवाल्याला सवलत जास्तच. दिवस मोजताना आदेशाचा दिवस धरत नाहीत आणि प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेला आवश्यक वेळही वगळतात, हे कलम १२. नक्कल नकलाखात्यात अडकली ही तक्रार मात्र तोंडी सांगून भागत नाही. नकलेचा अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी तयार झाली, या तारखा नकलेवरच असतात आणि हिशेब त्यांवरून होतो. अर्जच उशिरा दिला असेल तर तो उशीर पक्षकाराच्या माथी. मग कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज जोडून पुरेसे कारण दाखवावे लागते.

खरा बदल १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आलेल्या १९७३ च्या संहितेने केला. सत्र न्यायाधीशांना रिव्हिजनमध्ये उच्च न्यायालयासारखेच अधिकार मिळाले, पण दोन्हींपैकी एकच दार ठोठावायचे, दोन्ही नाही. आणि कलम ३९७(२) ने अंतर्वर्ती, म्हणजे खटला चालू असताना मध्येच दिलेल्या, आदेशांवरची रिव्हिजन सरळ बंद केली. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत कारण स्पष्ट होते: अशा रिव्हिजन खटले लांबण्याचे एक मुख्य कारण ठरल्या होत्या. हेतू चांगला होता, पण ‘अंतर्वर्ती’ म्हणजे नेमके काय याची व्याख्या कायद्याने दिलीच नाही. वेळ वाचवायला आणलेल्या कलमावरच वाद सुरू झाले.

१९७७ च्या जुलैत अमरनाथ विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विभागणी करून दिली. साक्षीदारांना बोलावणे, तारीख देणे, अहवाल मागवणे, जामिनाचे आदेश हे अंतर्वर्ती. आरोपीच्या हक्काला हात घालणारा, त्याला खटल्यात ओढणारा आदेश तसा नाही. त्याच निकालात असेही म्हटले गेले, की ३९७(२) ने बंद केलेले दार उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, म्हणजे कलम ४८२, वापरून उघडता येणार नाही.

हे फार कडक झाले, आणि तीन महिन्यांतच, ३१ ऑक्टोबर १९७७ रोजी, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते सैल केले. ते प्रकरण मधू लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य. महाराष्ट्राचे तेव्हाचे कायदामंत्री अ. र. अंतुले यांच्याविषयी लिमये यांनी केलेल्या विधानांवरून अब्रूनुकसानीची फिर्याद झाली होती. हा खटला या न्यायालयात चालूच शकत नाही, हा लिमयेंचा आक्षेप सत्र न्यायालयाने फेटाळला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने रिव्हिजन चालणार नाही म्हणून ती फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा दिलेली कसोटी आजही युक्तिवादात येते: आक्षेप मान्य झाला असता तर खटला तिथेच संपला असता का? संपला असता, तर तो फेटाळणारा आदेश निव्वळ अंतर्वर्ती नव्हे. ४८२ ची वाटही अपवादात्मक प्रकरणांत उघडी ठेवली गेली.

व्यवहारात या शेवटच्या वाक्याचे वजन सर्वांत जास्त ठरले असे मला वाटते. ४८२ खालच्या अर्जाला कायद्यात मुदतच नाही. ९० दिवस उलटून गेलेला पक्षकार साहजिकच तिकडे वळतो, आणि उशिराचा जाब न्यायालयाने विचारला तरच द्यावा लागतो.

दोषारोप ठेवण्याच्या आदेशाचे काय, हा प्रश्न त्यानंतरही सुटला नाही. आणीबाणीनंतरच्या विशेष न्यायालय कायद्याखाली तो आदेश अंतर्वर्तीच, असे व्ही. सी. शुक्ला प्रकरणात ठरले, पण ते त्या कायद्यापुरते. २०१८ मध्ये एशियन रिसर्फेसिंग प्रकरणाने तो निव्वळ अंतर्वर्ती नाही असे सांगितले, आणि सोबत खटल्याला मिळालेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठेल असा नियमही घालून दिला. तो नियम घटनापीठाने २९ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केला. घड्याळ लावून स्थगिती उठवणे मुळातच धोक्याचे होते. सुनावणी न होण्यात पक्षकाराचा दोष नसला तरी फटका त्यालाच बसे.

विशेष कायद्यांची वाट निराळी. राष्ट्रीय तपास संस्थेच्या (एनआयए) कायद्यात जामिनाच्या आदेशावरही अपील आहे, पण ३० दिवसांत. पुरेसे कारण दाखवले तर त्यानंतरही, मात्र कायद्याच्या शब्दांप्रमाणे ९० दिवसांपलीकडे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्या शब्दांची धार बोथट करून ९० दिवसांनंतरचा उशीरही माफ करता येतो असे ठरवले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने घड्याळ खालच्या न्यायालयात आणले. सत्र खटल्यात दोषमुक्तीचा अर्ज खटला दंडाधिकाऱ्यांकडून सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत करायचा. पोलीस अहवालावरच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याच्या) हे ६० दिवस कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून मोजायचे. दोषारोपही आरोपावरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत ठेवायचे. रिव्हिजन आता कलम ४३८ मध्ये आहे आणि ४८२ चे झाले ५२८. अंतर्वर्ती आदेशावरची बंदी ४३८(२) मध्ये तशीच उतरली आहे, आणि व्याख्या याही वेळी दिलेली नाही.