शिंपला म्हणजे नुसता चुना? नाही!

शिंपले भाजून चुना करतात, म्हणून ‘शिंपला म्हणजे नुसता चुना’ असं सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं. चुनखडीच्या थरांमध्ये प्रथिनं आणि कायटिन नावाचा चिवट सेंद्रिय पदार्थ असतो. काही प्रथिनं तर थेट स्फटिकाच्या आत अडकलेली असतात. स्फटिक परक्या रेणूला बाहेरच ढकलतो, ही समजूतही म्हणूनच चुकीची.

खनिजाच्या आतलं असं काही दिसतं कसं? शिंपल्याचं नाही, पण खनिज आणि सेंद्रिय पदार्थ असेच एकत्र असलेल्या एका दाताचं उदाहरण घेऊ. कायटन हा समुद्री प्राणी मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या दातांनी खडक खरवडतो. २०११ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या लाइल गॉर्डन आणि डर्क जोस्टर यांनी त्या दाताची अतिसूक्ष्म सुई केली, तिच्या टोकावरून एकेक अणू सोडवला आणि त्रिमित नकाशा मांडला. किती चिकाटीचं काम! नकाशात ५ ते १० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचे सेंद्रिय धागे दिसले. काही धाग्यांभोवती सोडियम, काहींभोवती मॅग्नेशियम.