पार्श्वभूमी : ऑनलाइन ऑर्डर कोणत्या शाखेच्या साठ्यातून वजा करायची?

दोन दुकानं, एक गोदाम आणि एक वेबसाइट असलेल्या व्यापाऱ्याला आज प्रत्येक ठिकाणची शिल्लक एकाच स्क्रीनवर दिसते. ही सोय फार जुनी नाही. २०१८पर्यंत ऑनलाइन दुकानाच्या बहुतेक प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये एका मालाच्या एका रंग-मापाला एकच आकडा असे. तो माल पुण्यात आहे की नाशकात, हे त्या आकड्यावरून कळत नसे. शाखानिहाय साठा आल्यावर हा प्रश्न सुटला, पण त्याच्या पोटातून दुसरा निघाला : ग्राहकाने पैसे भरले, आता ही ऑर्डर कोणत्या शाखेची? सध्याच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ या प्रश्नात आहे आणि तो नीट समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. स्टॉक बुक, वर्षाअखेरची मोजणी, पुस्तकी शिल्लक आणि रॅकवरची शिल्लक यांतली तूट हे सगळं व्यापाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. २६ जून १९७४ला अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा काउंटरवर वाचला गेला आणि विकलेला नग त्याच क्षणी नोंदवणं शक्य झालं. भारतात दिल्या जाणाऱ्या बारकोडची सुरुवात ८९०ने होते. किराणा मालाच्या पुड्यांवर तो आता सगळ्यांनी पाहिलेला आहे. साडी, चप्पल, भांडी या धंद्यांत मात्र दुकानदार अजूनही स्वतःचे स्टिकर छापतो.

आपल्याकडच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला गोदाम ही कल्पना वेब-दुकानांच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. टॅलीत प्रत्येक मालाची शिल्लक गोडाऊननुसार ठेवता येते आणि एका गोडाऊनमधून दुसऱ्यात माल हलवल्याची नोंद स्टॉक जर्नलने होते. वेबच्या सॉफ्टवेअरला ते जमत नव्हतं, कारण त्याचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला होता. २००६मध्ये बाजारात आलेल्या शॉपिफायची सुरुवात कॅनडातल्या ओटावा शहरात, स्नोबोर्ड विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानासाठी लिहिलेल्या कोडमधून झाली. मॅजेंटो २००८मध्ये आलं, वूकॉमर्स २०११मध्ये. या सगळ्यांच्या डोळ्यांपुढचा विक्रेता एकाच जागेवरून पार्सल पाठवणारा होता. त्याला एक आकडा पुरत होता.

आपल्या व्यापाऱ्याची गोष्ट उलटी होती. त्याच्याकडे दुकानं आधी होती, वेबसाइट नंतर आली. त्यामुळे एकाच मालाचे दोन आकडे तयार झाले, एक बिलिंगच्या संगणकावर आणि एक वेबसाइटवर. त्यांचा मेळ संध्याकाळी एक्सेलच्या शीटवरून कोणीतरी हाताने घालायचा. काहींनी वेबसाइटवर फक्त गोदामातला माल दाखवला, दुकानांतला लपवला. काहींनी प्रत्येक मालामागे दोन-तीन नग राखून उरलेलेच ऑनलाइन ठेवले. शंभर नगांच्या टी-शर्टला हे चालून जातं. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीला कसं चालणार? तिथे एका रंगसंगतीचा, एका पदराचा एकच नग असतो. तो राखून ठेवला तर ऑनलाइन दिसत नाही आणि दाखवला तर काउंटरवरही विकला जातो. मग पैसे भरलेल्या ग्राहकाला फोन करून माफी मागायची. साठ्याच्या चर्चेत या एकेका नगाच्या धंद्यांना नेहमी कमी जागा मिळते, आणि सर्वांत जास्त त्रास त्यांनाच होतो.

शाखांमध्ये माल हलवणं तेव्हा करांमुळेही अवघड होतं. महाराष्ट्रात महापालिकेच्या हद्दीत माल आणायचा तर जकात होती. २०१०नंतर मुंबई सोडून इतर महापालिकांत टप्प्याटप्प्याने तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि १ ऑगस्ट २०१५पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला त्यातून सूट मिळाली; मुंबईत जकात ३० जून २०१७पर्यंत चालू राहिली. राज्याबाहेरच्या शाखेला माल पाठवायचा तर केंद्रीय विक्रीकर कायद्याखालचा ‘एफ’ फॉर्म लागे. ही विक्री नसून आपल्याच शाखेला केलेली पाठवणी आहे, हे त्यातून सिद्ध करायचं. २००२पासून तो सक्तीचा झाला आणि एका फॉर्ममध्ये एका महिन्याच्या पाठवण्या बसत. इतक्या कागदांपेक्षा ज्या शाखेत माल आहे तिथेच तो पडू द्यावा, असं अनेकांना वाटे आणि ते समजण्यासारखं होतं.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि गोदामाला कायद्यात ठळक जागा मिळाली. व्यवसायाचं ठिकाण या व्याख्येत माल ठेवण्याची जागा स्पष्टपणे आहे. नोंदणीपत्रावर एकाहून अधिक ठिकाणं असतील तर प्रत्येक ठिकाणाचा हिशेब त्या त्या ठिकाणी ठेवावा, असं कलम ३५ सांगतं. आवक, जावक आणि शिल्लक यांच्यासोबत हरवलेला, चोरीला गेलेला, खराब झालेला, नमुना म्हणून दिलेला मालही नोंदवायचा असतो. म्हणजे शाखानिहाय साठा ही मालकाची आवड-निवड राहिली नाही. ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरकडून भारतात जी मागणी एकदम वाढली, तिच्यामागे हे कारण मोठं होतं असं माझं ठाम मत आहे.

त्याच कायद्याने दोन राज्यांतल्या दोन शाखांना दोन वेगळ्या व्यक्ती मानलं. पुण्याच्या दुकानातून बेळगावच्या दुकानाला पाठवलेला माल मोबदल्याशिवायही पुरवठा ठरतो. त्याचं करबिल होतं आणि आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, लागतो. राज्यातल्या राज्यात, एकाच नोंदणीखाली, पुणे ते नाशिक डिलिव्हरी चलनावर काम भागतं. माल विकला जाण्याआधीच कर भरायचा आणि क्रेडिट (आधी भरलेल्या कराची पुढच्या करातून वजावट) मिळेपर्यंत भांडवल अडकवून ठेवायचं, ही व्यापाऱ्यांची तक्रार खरी होती. मूल्यांकनाच्या नियमाने थोडा दिलासा दिला : घेणाऱ्या शाखेला पूर्ण क्रेडिट मिळत असेल तर बिलावर लिहिलेली किंमतच बाजारभाव मानली जाते. १ एप्रिल २०१८पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीसोबत ठेवायचा ऑनलाइन काढलेला कागदही, लागू लागला.

नेमक्या त्याच वर्षी सॉफ्टवेअर बदललं. २०१८मध्ये शॉपिफायने मालाचा आकडा मालापासून सोडवून ठिकाणाला बांधला. नोव्हेंबर २०१८मध्ये मॅजेंटोच्या २.३ आवृत्तीत अनेक ठिकाणांचा साठा मूळ सॉफ्टवेअरमध्ये आला. वूकॉमर्सने मात्र मूळ सॉफ्टवेअरमध्ये एकच आकडा ठेवला आणि शाखांचं काम प्लगइनवर, म्हणजे वरून जोडायच्या वेगळ्या सॉफ्टवेअरवर, सोडलं. पहिल्या दोघांचा हेतू एकच होता, पण ऑर्डर शाखेला कधी बांधायची याबाबत त्यांनी अगदी उलट निर्णय घेतले.

मॅजेंटोचा निर्णय असा. पुण्यात ४, नाशकात ३, कोल्हापुरात ५ नग आहेत. वेबसाइटवर विक्रीयोग्य १२. दोन नगांची ऑर्डर आली की तिन्ही ठिकाणचे आकडे जसेच्या तसे राहतात. वेगळ्या तक्त्यात उणे दोनची एक राखीव नोंद पडते आणि वेबसाइटवर १० दिसू लागतात. पार्सल कुठून पाठवायचं हे पाठवताना ठरतं. सॉफ्टवेअर ठिकाणांच्या प्राधान्यक्रमावरून किंवा अंतरावरून शाखा सुचवतं, माणूस ती बदलू शकतो. नाशिक निवडलं तर तिथले ३ कमी होऊन १ होतात आणि अधिक दोनची नोंद पडून राखीव हिशेब शून्यावर येतो.

यामागे तांत्रिक कारण होतं. सेलच्या दिवशी शेकडो ऑर्डरी एकाच वेळी एकाच आकड्याला हात घालू लागल्या तर प्रत्येकीला आधीचीसाठी थांबावं लागतं. आकडा बदलण्याऐवजी नुसती नवी नोंद टाकत गेलं तर कोणी कोणाला अडवत नाही. शिवाय संध्याकाळी सगळ्या ऑर्डरी समोर ठेवून कुठून काय पाठवायचं ते ठरवता येतं आणि एका ग्राहकाला दोन पार्सलं पाठवण्याची वेळ कमी येते.

शॉपिफायने ऑर्डर येताक्षणीच, मालकाने ठरवलेल्या प्राधान्यक्रमानुसार, ती एका ठिकाणाला बांधली. नाशिकला ऑर्डर गेली की नाशिकचे हातातले नग ३च राहतात; त्यांतले २ बांधील होतात आणि उपलब्ध १ उरतो. नंतर ठिकाण बदलता येतं, पण सुरुवातीलाच कोणीतरी एक शाखा जबाबदार असते.

वाद इथे आहे. उशिरा बांधण्याच्या, म्हणजे मॅजेंटोच्या, पद्धतीत राखीव नोंद कोणत्याच दुकानाच्या नावावर नसते. शेवटचा नग नाशकात असेल आणि तो ऑनलाइन विकला गेला असेल, तर नाशिकच्या काउंटरवरच्या माणसाला त्याच्या शाखेच्या आकड्यात काही फरक दिसत नाही. तो समोरच्या ग्राहकाला तो नग देऊन टाकतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. राखीव नोंदींचा मेळ बिघडण्याच्या तक्रारीही आल्या; विसंगती शोधून भरपाईच्या नोंदी टाकणाऱ्या कमांड पुढे सॉफ्टवेअरमध्येच द्याव्या लागल्या. एकाच गोदामावर चालणाऱ्या अनेकांनी तर ही सगळी मोड्यूल्स बंद करून टाकली.

भारतात या वादाला आणखी एक बाजू आहे. ग्राहक कोल्हापूरचा आहे. माल पुण्याहून गेला तर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा). तोच माल त्याच किमतीला बेळगावहून गेला तर आयजीएसटी. ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम तीच, पण बिलावरचा नोंदणी क्रमांक वेगळा आणि पैसा जाणारं खातं वेगळं. चुकीच्या खात्यात कर भरला तर योग्य खात्यात पुन्हा भरून आधीच्याचा परतावा मागायचा, असा जीएसटी कायद्याच्या कलम ७७चा रस्ता आहे. त्यात किती दिवस जातात हे ज्याने केलंय त्याला विचारावं.

कायदा इथे आडमुठा नाही, हे सांगितलंच पाहिजे. मालाचं बिल माल निघण्यापूर्वी किंवा निघताना करायचं असतं. १५ नोव्हेंबर २०१७पासून मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी भरावा लागत नाही. म्हणजे पैसे भरल्यापासून पार्सल निघेपर्यंत शाखा ठरवायला मुभा आहे. अडचण वेबसाइटच्या मांडणीत आहे : पैसे जमा होताच करबिल ईमेलने पाठवायची सवय अनेकांनी लावून घेतली. बिल पुण्याच्या नावाने गेलं, माल बेळगावहून निघाला आणि महिन्याच्या शेवटी विवरणपत्र भरताना ते उघडकीस आलं. सगळ्या शाखा महाराष्ट्रात असतील तर उशिरा बांधण्यात फारसा धोका नाही. कोल्हापूरची पेढी बेळगाव किंवा पणजीतही दुकान चालवत असेल तर ऑर्डरच्या क्षणी निदान राज्य तरी पक्कं व्हायला हवं. परदेशात लिहिलेल्या सॉफ्टवेअरला हे सुचलं नाही यात नवल नाही. ते बसवून देणाऱ्या आपल्याकडच्यांनी मात्र व्यापाऱ्याला हे पहिल्या बैठकीत सांगायला हवं होतं.

पुढच्या घडामोडींनी प्रश्न आणखी ताणला. मोठ्या बाजार-वेबसाइटच्या गोदामांत माल ठेवणाऱ्या विक्रेत्याला ते गोदाम स्वतःच्या नोंदणीत अतिरिक्त ठिकाण म्हणून दाखवावं लागतं, आणि ते दुसऱ्या राज्यात असेल तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. २०२०च्या टाळेबंदीत सुरुवातीला ऑनलाइन विक्रीची परवानगी अत्यावश्यक वस्तूंपुरती होती. कपड्या-चपलांचा माल बंद शटरमागे अडकला. नियम सैल झाल्यावर दुकानातूनच पार्सलं पाठवायची कल्पना छोट्या पेढ्यांनीही उचलली आणि काउंटरवरचा विक्रेता पॅकिंगही करू लागला. काही मिनिटांत घरपोच देणाऱ्या सेवांनी तर एकूण बेरजेची गरजच संपवली. तिथे ग्राहकाला फक्त त्याच्या जवळच्या डार्क स्टोअरचा, म्हणजे फक्त घरपोच ऑर्डरींसाठी चालणाऱ्या छोट्या गोदामाचा, साठा दिसतो.

परत येणाऱ्या मालाचा प्रश्न अजून लोंबकळत आहे. पुण्याच्या नोंदणीखाली बिल झालेली साडी ग्राहक बेळगावच्या दुकानात आणून देतो. सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण निवडून एक बटण दाबलं की बेळगावची शिल्लक एकने वाढते. क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम आणि कर कमी करणारा कागद, मात्र मूळ बिल देणाऱ्या पुण्याच्या नोंदणीनेच काढायची असते. ती साडी बेळगावातच पुन्हा विकायची तर आधी पुणे ते बेळगाव असा पुरवठा कागदावर यावा लागतो, आणि तो कागद हे बटण तयार करत नाही. त्यामुळे काही पेढ्या राज्याबाहेरच्या शाखेत परतावा घेतच नाहीत, आणि ज्या घेतात त्यांचा हिशेबनीस ही नोंद हाताने करतो.