फोम-चिलखत

फोम-चिलखत : ईव्हीए या हलक्या, लवचीक फोमच्या शीटपासून बनवलेले, अंगावर घालता येणारे वेशभूषेचे चिलखत. छातीचा व पाठीचा पत्रा, खांद्यांवरची झाकणे, दस्ताने, नडग्यांची आवरणे आणि शिरस्त्राण हे त्याचे नेहमीचे भाग. शस्त्राचा घाव अडवणे हा त्याचा हेतू नसतो. चार-पाच पावलांवरून ते धातूचे वाटावे आणि घालणाऱ्याला त्यात काही तास बसता, उठता, जिना चढता यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ठाणे व नवी मुंबईत ते दोन निमित्तांनी बनते. एक निमित्त कॉस्प्लेचे, म्हणजे कॉमिक्स, ॲनिमे व व्हिडिओ गेममधील पात्रांचे वेश घालून संमेलनांना जाण्याचे. दुसरे शिवजयंतीच्या मिरवणुका, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रा आणि स्नेहसंमेलने यांचे.

उगमाविषयीची मते : कल्पित पात्राचा वेश करून समुदायात मिरवण्याची आधुनिक प्रथा कोठून मोजावी, यावर एकमत नाही. बहुतेक लेखक ती १९३९ पासून मोजतात. त्या वर्षी न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन विज्ञानकथाप्रेमी भविष्यकाळातील पोशाख घालून गेले होते. दोघांचेही पोशाख डग्लस यांनी शिवले होते. जुन्या वृत्तांतांत ॲकरमन यांचेच नाव ठळक दिसते, म्हणून ही बाब मुद्दाम नोंदवणे योग्य. याहून मागे जाणारे अभ्यासक १९०८ मधील सिनसिनाटीच्या एका वेशांतर-मेळाव्याचा दाखला देतात. तेथे एका जोडप्याने वृत्तपत्रातील चित्रमालिकांच्या पात्रांचे वेश केले होते. तो मेळावा मात्र सर्वसाधारण करमणुकीचा होता, एखाद्या कथाविश्वाच्या चाहत्यांचा नव्हता. त्यामुळे १९३९ हीच सीमा अधिक ग्राह्य वाटते. ‘कॉस्प्ले’ हे नाव जपानी पत्रकार नोबुयुकी ताकाहाशी यांच्याकडे जाते. ते १९८४ च्या लॉस अँजेलिस येथील जागतिक विज्ञानकथा संमेलनानंतर रूढ झाले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु त्यांचा यासंबंधीचा मासिकातील लेख जून १९८३ चा असल्याने आधीचे वर्ष धरणे बरे. भारतात या छंदाला सार्वजनिक व्यासपीठ मिळाले ते दिल्लीत फेब्रुवारी २०११ मध्ये भरलेल्या कॉमिक कॉनमुळे. त्याच वर्षी असे संमेलन मुंबईतही झाले आणि पुढे अनेक वर्षे ते गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये भरत राहिले.

या भागातील सोंगाची परंपरा याहून पुष्कळ जुनी आहे. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या जव्हार-मोखाडा भागातील बोहाडा या सोंगांच्या उत्सवात लाकडाचे व कागदाच्या लगद्याचे मुखवटे नाचवले जातात. मराठी रंगभूमीवरही पुठ्ठा, तागाचे कापड आणि बेगड यांतून मुकुट व चिलखते घडत आली. फोम-चिलखत हे याच परंपरेचे पुढचे रूप, असे मत काही जण मांडतात. हौसेच्या दृष्टीने ते मान्य करता येईल. कारागिरीच्या दृष्टीने पाहिले, तर या कलेची साधने चप्पल-बूट बनवणाऱ्याची आहेत आणि रीत शिंप्याची. नवशिक्याने हे नाते ध्यानात घेतले, तर त्याचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

साहित्य : ईव्हीए म्हणजे इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट हे सहबहुवारिक, म्हणजे दोन घटक जोडून बनवलेले प्लास्टिक. १९६० च्या सुमारास त्याचे व्यापारी उत्पादन वाढीस लागले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात ते धावण्याच्या बुटांच्या तळात आले. फोम करताना त्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे कोंडले जातात. प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र, बंद असतो. त्यामुळे हा फोम पाणी शोषत नाही, कापल्यावर त्याची कड स्वच्छ राहते आणि ऊब दिली की तो वाकतो. चिलखतासाठी २, ४, ६ व १० मिमी जाडीची शीट वापरतात. बारीक नक्षीला २, अंगावरच्या पत्र्याला ६ आणि उठावाच्या भागाला १० मिमी, अशी वाटणी पुरते. चांगल्या शीटची घनता दर घनमीटरला १०० किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे ६ मिमीचे एक चौरस मीटर शीट सुमारे ६०० ग्रॅम भरते. लोखंडी कड्यांचा अंगरखा १० किलोच्या घरात जातो.

लहान मुलांसाठी जमिनीवर अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत चटयाही ईव्हीएच्याच असतात, आणि पहिल्या प्रयोगाला त्या पुरतात. त्यांची घनता कमी असते आणि एका बाजूला खरखरीत नक्षी असते. ती आतल्या बाजूस ठेवावी. बेल्जियमने २०१० मध्ये अशा चटयांवर बंदी घातली होती. फोम फुगवताना वापरलेल्या रसायनापासून उरणारे फॉर्मामाइड हे त्याचे कारण. युरोपीय संघाने पुढे खेळण्यांतील फोमसाठी त्याची मर्यादा ठरवून दिली. नव्या शीटला उग्र वास येत असेल, तर ते काही दिवस गॅलरीत उघडे ठेवून मग कामाला घ्यावे.

खरेदीत खरी गफलत होते ती दिसायला सारख्या असणाऱ्या फोममुळे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा पांढरा, चुरचुरणारा पॅकिंग फोम पॉलिएथिलीनचा असतो. त्यावर गोंद नीट धरत नाही आणि रंग पापुद्र्याने सुटतो. योगासनांच्या कित्येक चटया पीव्हीसीच्या असतात. त्या तापवल्यास हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटू शकतो, म्हणून त्यांना हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारे अवजार, कधीही लावू नये. ठाण्यात वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडे रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा औद्योगिक पट्टा असल्याने फोमचा व्यापार करणारे या भागात भेटतात, पण त्यांच्याकडचा बराच माल पॅकिंगचा असतो. चपलांच्या कच्च्या मालाचे दुकान अधिक भरवशाचे. तेथे जाडी मिलीमीटरमध्ये सांगून शीट मागता येते आणि ते बोटाने दाबून पाहता येते. दाबलेला खळगा लगेच भरून आला, तर शीट घ्यावे.

नकाशा व कापणी : अंगाच्या मापाचा कागदी नकाशा हा या कामाचा पाया. संगणकावर बनवलेल्या त्रिमितीय आकृतीची घडीव कागदी उकल काढणे ही एक पद्धत. शिरस्त्राणासाठी ती सोयीची. छाती, खांदा व हात यांसाठी दुसरी पद्धत सरस ठरते. जुना बनियन घालून त्यावर स्वयंपाकघरातील क्लिंग फिल्म गुंडाळतात, वरून चिकटपट्टीचे दोन थर देतात आणि त्या कवचावरच मार्करने चिलखताच्या रेषा काढतात. मग कात्रीने कवच उतरवून, रेषांवर कापून, तुकडे सपाट पसरतात. जेथे तुकडा सपाट बसत नाही तेथे छेद द्यावा लागतो. ब्लाऊज शिवणारी बाई टक्स घेते तेच हे काम आहे, आणि घरात शिवणकाम जाणणारे कोणी असेल तर नवशिक्याने पहिला नकाशा तिच्याकडून तपासून घ्यावा.

कापडाच्या नकाशात नसलेली एक गोष्ट येथे येते, ती म्हणजे जाडी. हाताभोवती ६ मिमीचा फोम वळवला, तर घेरात जाडीच्या सुमारे तिप्पट, म्हणजे जवळजवळ २ सेंमी, भर घालावी लागते. १० मिमीला ही भर ३ सेंमीच्या पुढे जाते. ती न धरल्यास दस्ताना मनगटाला करकचतो आणि सांधा उकलतो. आतले कापड व घाम यांसाठी आणखी दोनेक सेंमी मोकळीक ठेवतात. पहिले काम म्हणून पूर्ण छातीपेक्षा दस्ताना करावा. त्यात कापणी, वळण, सांधा, रंग आणि पट्टा हे सगळे येते आणि बिघडले तरी शीट थोडेच वाया जाते.

कटरचे पाते नवे हवे. बोथट पाते फोम फाडत जाते आणि कडेला दातरे पडतात. दोन तुकडे कोनात जोडायचे असतील, तर कडा ४५ अंशांत तिरक्या कापतात. त्यासाठी पाते दाबायचे नसते. लांब, एकसारख्या ओढीने ते दोन-तीन वेळा फिरवायचे असते.

ऊब देणे : सामान्य ईव्हीए साधारण ७० ते १०० अंश से. दरम्यान मऊ होऊन वितळू लागते. हीट गनच्या तोंडाशी याच्या कितीतरी पट तापमान असते, त्यामुळे ती सतत फिरती ठेवतात. कोरा, निस्तेज पृष्ठभाग किंचित चमकू लागला की वरचे बुडबुडे बंद झाले असे समजावे. याच वेळी शीट गुडघ्यावर किंवा पातेल्याच्या पाठीवर दाबून वळवतात आणि गार होईपर्यंत तसेच धरतात. आधी वळवावे व नंतर चिकटवावे हा क्रम पाळलेला बरा, कारण चिकटवलेल्या सांध्याला पुन्हा ऊब लागली तर गोंद सैल होतो. मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेले चिलखत याच कारणाने उकलते.

चिकटवणे व दमट हवा : सनमायका बसवणारे सुतार आणि चांभार वापरतात तो रबरी गोंद, म्हणजेच सोल्यूशन, येथे लागतो. फेव्हिकॉल एसआर ९९८ हा त्यातला परिचित प्रकार. दोन्ही कडांना पातळ थर लावून, तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत १० ते १५ मिनिटे थांबून, मग कडा एकदाच नेमक्या जुळवून दाबतात. ग्लू गनच्या गरम गोंदाचे सांधे कडक होतात आणि या भागातल्या उन्हाळ्यात ढिले पडतात. त्याने फक्त तात्पुरते टाचण करावे.

पावसाळ्यात हा गोंद दगा देतो. गोंदातील द्रावक उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता नेतो. जुलैमध्ये ठाणे व नवी मुंबईत हवेचे तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो. म्हणजे गोंदाचा थर अवघ्या तीन अंशांनी थंडावला, की हवेतील बाष्प त्यावर साठते. थर दुधाळ, धुरकट दिसू लागतो. हाताला तो वाळल्यासारखा लागतो, म्हणून कारागीर कडा जुळवतो आणि दुसऱ्या दिवशी सांधा सालीसारखा सुटतो. दोष गोंदाला दिला जातो, पण कारण बहुधा हेच. उपाय सोपे आहेत. थर पातळ द्यावा. लावण्यापूर्वी कडा हेअर ड्रायरने कोमट कराव्यात. थर धुरकटला तर तो पुन्हा स्वच्छ होईपर्यंत थांबून वरून दुसरा हात द्यावा. एसी असलेल्या कोरड्या खोलीत केवळ कडा जुळवण्याचे काम करावे. गोंद मात्र तेथे लावू नये, कारण टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ बंद खोलीत साचते. कापडी किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्या असलेला मुखवटा लागतो, निदान उघडी खिडकी तरी हवीच. गोंदाजवळ देव्हाऱ्यातील निरांजन किंवा पेटता गॅस नसावा.

मराठा पद्धतीची चिलखते : स्वागतयात्रांसाठी बनणाऱ्या चिलखतांत युरोपीय शूरवीरांचा छातीपत्रा सर्रास दिसतो. ही खटकणारी बाब आहे आणि ती टाळणे कठीण नाही. डोंबिवलीत १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि ठाण्यातही कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरातून अशी यात्रा निघते. तेथे मावळा म्हणून उभे राहणाऱ्याने दख्खनेतील सरदाराचे चिलखत कसे असे, हे आधी पाहावे. सतराव्या शतकातील सामान्य मावळा बहुधा चिलखताविनाच लढे. अंगरखा, कमरेचा शेला, पागोटे, ढाल आणि तलवार एवढ्यावर त्याचा वेश पुरा होतो. सरदाराकडे बारीक कड्यांचा अंगरखा आणि त्यावर चार-आईना, म्हणजे छाती, पाठ व दोन्ही कुशी झाकणारे चार पत्रे, असत.

चार-आईना फोमला फार अनुकूल आहे. पुढचा व मागचा पत्रा जवळजवळ आयताकृती असतो आणि कुशीच्या पत्र्यांना काखेखाली अर्धगोल कापलेला असतो. सहा मिमीचे चार तुकडे, कडेने २ मिमीच्या फोमची बोटभर पट्टी, मध्यभागी उठावाचे फूल आणि पत्रे जोडायला चामडी दिसणारे पट्टे, एवढ्यात ते उभे राहते. कड्यांचा अंगरखा मात्र फोममधून होत नाही. जाड सुतळीसारखा धागा सैल विणून त्यावर रुपेरी रंग मारण्याची रंगभूमीवरील रीत येथे कामी येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात माशाच्या खवल्यांचे चिलखत आहे. २ मिमीच्या फोमचे खवले खालून वर, ओळीवर ओळ चढवत लावले, तर तसा पोत साधतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील शस्त्रदालनही पाहावे. तेथे पत्र्याची कड कशी दुमडली आहे, खिळ्यांची अंतरे किती आहेत, हे जवळून बघता येते आणि छायाचित्रांत ते कळत नाही.

रंग : रंगाआधी फोमवर पांढरा फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून तीन-चार हात देतात किंवा रबरी लवचीक रंगाचा थर देतात. पहिला स्वस्त पण कोपर-गुडघ्यावर तडकणारा, दुसरा महाग पण वाकणारा. त्यावर काळा, मग रुपेरी ॲक्रिलिक. शेवटी पातळ काळा रंग खाचांत भरून वरून पुसून घेतात आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर रुपेरी ओढतात. धातू दिसतो तो या कडांमुळे.

वापर व निगा : बंद बुडबुड्यांचा फोम अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आत सुती बनियन, काखेत मोकळी जागा आणि सोबत पाणी हवे. लोकलने जायचे असल्यास चिलखत सुटे करता येईल असे बांधावे. वेल्क्रो व बकलवर जोडलेले भाग एका मोठ्या पिशवीत बसतात आणि ठाण्याहून दादरमार्गे गोरेगाव गाठणाऱ्याला ते सोयीचे पडते. घरी ते उभे टांगतात, कारण एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांना कायमचा पोक येतो. पावसाळ्यात आतले अस्तर व पट्टे यांना बुरशी धरते, म्हणून ते काढून धुता येतील असे लावतात.

ईव्हीए कुजत नाही. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आल्यानंतर फोम हा निरुपद्रवी पर्याय आहे, असा समज काही ठिकाणी दिसतो. तो बरोबर नाही. उरलेले तुकडे उठावाच्या नक्षीला व आतल्या गाद्यांना वापरावेत, आणि वापरात नसलेले चिलखत शाळेला किंवा मंडळाला द्यावे. कुशीचे पट्टे लांब ठेवलेले असतील, तर तोच चार-आईना दहावीतल्या मुलालाही बसतो आणि मोठ्या माणसालाही.