अल्पसंख्याक दर्जा आणि ख्रिस्ती ओळख

कोल्हापुरात प्रवेशाचे दिवस आले की माहितीपुस्तिकेतील ‘ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्था’ ही ओळ वाचून काही पालक येथे बायबल सक्तीचे असणार असे ठरवून टाकतात, तर चर्चच्या मंडळीतील काहीजण त्याच ओळीवर विसंबून आपल्या मुलांचे धार्मिक संगोपन आपोआप होईल असे धरून चालतात. वस्तुतः दर्जा ही कायद्याने दिलेली मुभा आहे. ओळख मात्र संस्थेला रोजच्या कारभारातून सांभाळावी लागते.

संविधानाच्या कलम 30(1) नुसार धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. खासगी संस्थांच्या प्रवेशात आरक्षण लागू करण्याचा अधिकार राज्याला देणाऱ्या कलम 15(5) मधूनही या संस्था वगळलेल्या आहेत. म्हणजे संस्था कोण चालवतो आणि प्रवेश कसे होतात, एवढ्यापुरता दर्जाचा संबंध येतो. वर्गात किंवा प्रार्थनेच्या वेळी काय घडावे याविषयी तो काहीच सांगत नाही. उलट कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतील विद्यार्थ्याला संमतीशिवाय उपासनेत सहभागी करून घेता येत नाही.

ओळख कशी ओसरते हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे लागते. पाळकवर्ग सुशिक्षित असावा या हेतूने प्युरिटनांनी, म्हणजे इंग्लंडमधून आलेल्या कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती गटाने, 1636 मध्ये हार्वर्ड स्थापन केले. तेथे उपासनेच्या हजेरीची सक्ती 1886 मध्ये उठली, येलमध्ये 1926 मध्ये. कोणत्याही सरकारने त्यांना तसे करायला लावले नव्हते. अँड्र्यू कार्नेगी यांनी 1905 मध्ये प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी मोठा निधी दिला, पण पंथांच्या ताब्यातील कॉलेजांना त्यातून वगळले. तेव्हा काही कॉलेजांनी या लाभासाठी चर्चशी असलेला औपचारिक संबंधच सोडून दिला. याउलट इलिनॉयमधील व्हीटन कॉलेजात प्राध्यापकांना आजही दरवर्षी श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे संस्थेच्या ख्रिस्ती श्रद्धा मान्य असल्याच्या मजकुरावर, सही करावी लागते. माझ्या मते ओळखीचा खरा निकाल चॅपलच्या (संस्थेतील प्रार्थनामंदिराच्या) हजेरीपेक्षा नेमणुकांत लागतो. अर्थात त्याची किंमतही असते: कॅथलिक झालेल्या एका प्राध्यापकाला व्हीटन सोडावे लागले होते, आणि ख्रिस्तीपणाची व्याख्या इतकी आवळावी का, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीच विचारतात.

कोल्हापूरला दर्जा आणि ओळख यांतील हा फरक अपरिचित नसावा. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये येथे आले आणि त्यांनी शाळा काढल्या, तेव्हा अल्पसंख्याक दर्जा नावाची गोष्टच नव्हती. धार्मिक हेतू मात्र उघड होता. पुढे 1919 मध्ये शाहू महाराजांनी राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या व्यवस्थापनाखाली दिले. तेथेही कायद्याच्या दर्जाचा प्रश्न नव्हता, चालक बदलले होते. (बोर्डिंगांच्या, म्हणजे समाजनिहाय वसतिगृहांच्या, या गावात संस्थेच्या नावावरून समाज ओळखण्याची सवय इतकी मुरलेली आहे की नावामागच्या कारभाराची चौकशी सहसा होत नाही.)

आजच्या अनुदानित कॉलेजाला व्हीटनची, म्हणजे श्रद्धा पाहून अध्यापक नेमण्याची, वाट जवळजवळ बंद आहे. अध्यापकाची पात्रता नेट-सेट या परीक्षांनी ठरते, पगार शासन देते, आणि कोल्हापूरसारख्या शहरात विद्यार्थी व अध्यापक बहुसंख्येने अन्य धर्मांचेच असणार. अशा स्थितीत दर्जा आणि ओळख यांची गाठ प्रामुख्याने प्राचार्यपदापाशी पडते. अल्पसंख्याक संस्थेला, ती अनुदानित असली तरी, पात्र उमेदवारांतून आपल्या पसंतीचा प्राचार्य निवडता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मलंकारा सिरियन कॅथलिक कॉलेजच्या प्रकरणात मान्य केले. ही मुभा दर्जामुळे मिळते. तिचा वापर कशासाठी करायचा, मुलाखतीत उमेदवाराला नॅकच्या (कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) श्रेणीबद्दल किती विचारायचे आणि सकाळच्या उपासनेबद्दल किती, हे संस्थाचालकांनाच ठरवावे लागते.